गिऱ्हाइकाचा सर्व्हर पडतो तेव्हा

पत्र थोडक्यात: आठ वर्षं बॅकएंडचं (सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमचं) काम करणाऱ्या एका डेव्हलपरचं हे पत्र. ऑफिसमध्ये टीमच्या सोयीसाठी त्यांनी लॉग (प्रोग्रॅम चालताना ओळीओळीने लिहीत जातो त्या नोंदी) बघायचं एक छोटं टूल लिहिलं. सगळ्या सर्व्हरचे लॉग ब्राउझरच्या एकाच खिडकीत, अर्ध्या सेकंदाच्या आत, सरसर वाहताना दिसतात. मग रात्री आणि सुट्टीच्या दिवशी बसून त्या आणि त्यांचा एक सहकारी यांनी त्याची सर्व्हिस केली: शोध, साधे अलर्ट, ईमेल. आज चाळीसेक डेव्हलपर ती फुकट वापरतात, कौतुकही करतात. सहकाऱ्याचं म्हणणं, दोघांनी आत्ताच राजीनामा द्यावा आणि मोठ्या कंपन्यांच्या निम्म्या दराने बाजारात उतरावं. पत्रलेखिकेकडे चौदा महिने पुरेल एवढी शिल्लक आहे. त्या विचारतात: नोकरी सोडू का? कोड ओपन सोर्स (सगळ्यांना खुला) करू का? आणि मोबाइल अ‍ॅप आधी करावं का?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. ‘रिअल टाइम’, म्हणजे घडताक्षणी, हा शब्द त्यात अकरा वेळा आलाय. ‘ग्राहक’ दोनदा, त्यातही एकदा ‘ग्राहक तर मिळतीलच’ असा. तेव्हा सुरुवात अकरा वेळा आलेल्या शब्दापासूनच करू.

अर्धा सेकंद कुणासाठी? डिप्लॉय केल्यावर, म्हणजे नवा कोड सर्व्हरवर चढवल्यावर, श्वास रोखून लाइव्ह टेल (वाहता लॉग) बघणाऱ्या डेव्हलपरसाठी, हे कबूल. ती गंमत मीही पुष्कळ अनुभवली आहे. पण त्याच माणसाला रात्री अडीचला अलर्ट येतो तेव्हा काय होतं बघा. फोन वाजतो, तो कुठे ठेवलाय ते सापडत नाही. मग चष्मा, लॅपटॉप, व्हीपीएन, व्हीपीएनचा ओटीपी, आणि ‘नेमका कुठला सर्व्हर?’ पहिली ओळ डोळ्यांखालून जाईपर्यंत सहा-सात मिनिटं गेलेली असतात. ती ओळ तुमच्याकडे अर्ध्या सेकंदात पोचली की पाच सेकंदांत, याचं त्याला काडीचंही कौतुक नसतं. ओळ आहे का, आणि शोधल्यावर सापडते का, एवढंच तो बघतो. उशिरा आलेली ओळ तो चालवून घेईल. हरवलेली ओळ नाही.

तुमचे चाळीस डेव्हलपर ज्याचं कौतुक करतात ते दिवसाउजेडीचं आहे. पैसे मात्र लोक रात्रीसाठी देतात. त्या रात्री तुमच्या सर्व्हिसचं काय होईल, याबद्दल पत्रात एक अक्षर नाही, म्हणून जरा हिशेब मांडू.

मध्यम आकाराचं एखादं अ‍ॅप्लिकेशन सेकंदाला हजार ओळी लिहितं असं धरा, ओळ सरासरी पाचशे बाइटची. दिवसाचे ४३ जीबी झाले, महिन्याचा सव्वा टीबीच्या वर. कॉम्प्रेस केल्यावर हे बरंच आटतं, कारण लॉगमध्ये तेच ते शब्द असतात; पण इंडेक्स (शोधासाठीची सूची) आणि जास्तीच्या प्रती धरल्या की पुन्हा फुगतं. हे झालं सगळं सुरळीत असतानाचं. आता त्यांचा डेटाबेस बसला. प्रत्येक रिक्वेस्ट फसते, अ‍ॅप तीनदा प्रयत्न करतं आणि दर वेळी चाळीस ओळींचा स्टॅक ट्रेस (चूक कोडच्या कुठल्या पायऱ्यांवरून आली त्याची यादी) छापतं. जिथे एक ओळ यायची तिथे एकशेवीस. सेकंदाला हजारच्या जागी एक लाख वीस हजार ओळी, म्हणजे ६० एमबी, तेही एकाच गिऱ्हाइकाकडून. आणि नेमके त्याच वेळी त्यांचे सहा जण तुमचं पान उघडून गेल्या तासाभरातलं शोधायला लागतात. लिहिण्याचा ताणही तेव्हाच आणि वाचण्याचा ताणही तेव्हाच.

बहुतेक धंद्यांत गर्दीचा तास म्हणजे कमाईचा, आनंदाचा तास. तुमच्या धंद्यात तो गिऱ्हाइकाच्या आयुष्यातला वाईट तास असतो. शिवाय ही गर्दी विखुरलेली नसते. एखाद्या क्लाउड कंपनीचा मोठा रीजन (एका भागातल्या डेटा सेंटरांचा गट) आजारी पडला की तिथली तुमची सगळी गिऱ्हाइकं एकाच मिनिटाला ओरडतात. त्यामुळे सरासरी लोड काढून सर्व्हर घेणं इथे चालत नाही. आणि एकाच्या पुरात बाकीचे बुडू नयेत म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाची रांग वेगळी, प्रत्येकाला मर्यादा वेगळी, हे पहिल्या दिवसापासून हवं. नंतर घालायला गेलात तर अर्धी सर्व्हिस उकलावी लागेल.

माझा एक किस्सा सांगतो. एका कंपनीत माझी ऑन-कॉलची (अपरात्री फोन आला तरी उठायची) पाळी होती. रात्री डेटाबेस अकरा मिनिटं मंदावला आणि आपला आपण सावरला. तरी साइट पुढचे दोन तास बंद. आम्ही डेटाबेसच तपासत बसलो, कारण अलर्ट त्याचाच होता. प्रत्यक्षात त्या अकरा मिनिटांत अ‍ॅपने इतके लॉग ओकले होते की डिस्क भरली, आणि लॉग लिहिता येईना म्हणून अ‍ॅप जागच्या जागी खिळून राहिलं. मग मी शूरपणे ती अवाढव्य लॉग फाइल उडवली. डिस्क तरीही भरलेलीच! युनिक्समध्ये एखाद्या प्रोसेसने फाइल उघडी धरून ठेवली असेल तर ती नावाने पुसली जाते, जागा सुटत नाही. फाइल पुसण्याऐवजी आतून रिकामी करायला हवी होती. हे उमगायला चाळीस मिनिटं गेली. कुंपणाने शेत खाल्लं म्हणतात, ते तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

हे सांगण्याचं कारण तुमचा एजंट. गिऱ्हाइकाच्या मशीनवर बसून लॉग उचलणारा तो छोटा प्रोग्रॅम म्हणजे तुमचा पाय त्यांच्या घरात. तो किती मेमरी खाईल, किती डिस्क अडवेल, तुमचा सर्व्हर उत्तर देईनासा झाला तर किती वेळ साठवून ठेवेल, याला ठाम मर्यादा घाला. मर्यादा संपली की ओळी गाळा, अ‍ॅपला मात्र एक क्षणही ताटकळत ठेवू नका. आणि किती गाळल्या ते मोजून पडद्यावर दाखवा: ‘१०:४२ ते १०:४९, गाळलेल्या ओळी १२,४००’. हे लिहायला विक्रीच्या माणसाला जिवावर येईल. पण ज्याने अशी एक रात्र काढली आहे तो त्या एका ओळीमुळे तुमच्यावर विश्वास ठेवेल.

दुसरी गोष्ट राखणदाराच्या घराची. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अ‍ॅमेझॉनची एस३ ही स्टोरेज सेवा काही तास कोलमडली. त्यांचा स्वतःचा स्टेटस डॅशबोर्डही (सेवा चालू की बंद ते दाखवणारं पान) बराच वेळ अद्ययावत करता येईना, कारण तो चालवणारी यंत्रणा एस३वरच अवलंबून होती. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक बंद पडलं तेव्हा दुरुस्तीसाठी लागणारी त्यांची आतली टूल्सही त्याच नेटवर्कबरोबर गेली. एवढ्या मोठ्या घरांत हे घडलं. तुम्ही तुमची सर्व्हिस कुठल्या क्लाउडवर, कुठल्या रीजनमध्ये ठेवली आहे ते लिहिलेलं नाही. माझा अंदाज, जिथे तुमचे बहुतेक वापरकर्ते आहेत तिथेच. सगळंच दोन ठिकाणी चालवणं दोघांना परवडणार नाही, हे मान्य. निदान अलर्ट पाठवणारा भाग आणि स्टेटस पान तरी दुसऱ्या छपराखाली हलवा.

आणि तुमचे अलर्ट आज ‘एरर’ हा शब्द दिसला की वाजतात, बरोबर? मेलेला सर्व्हर ‘एरर’ लिहीत नाही. तो काहीच लिहीत नाही. रोज रात्री दोनला चालणारा बॅकअप आज चाललाच नाही, ही बातमी कुठल्याच ओळीत नसते. शांततेवर वाजणारा अलर्ट तुमच्या यादीत नाही. तो घाला, आणि सगळ्यात वर. उलट बाजूने, दर ‘एरर’ला ईमेल पाठवत राहिलात तर ‘लांडगा आला रे आला’ होतं. तिसऱ्या आठवड्यात लोक ईमेलला फिल्टर लावतात आणि खरा लांडगा त्या फोल्डरमध्ये जाऊन पडतो.

आता दराचं. ‘निम्म्या दरात’ म्हणता, पण कशाच्या निम्म्या? तुमचा स्वतःचा एका जीबीचा खर्च किती, हा आकडा पत्रात कुठेच नाही. तो काढा, आणि सुरळीत दिवसाचा काढू नका, वरच्या एकशेवीसपट तासाचा काढा. या बाजारात २००३ला स्थापन झालेली स्प्लंक आहे, २०१०ला स्थापन झालेली डेटाडॉग आहे. स्वस्ताईच्या टोकाला तर फुकटच आहे: मजकूर शोधणारं इलॅस्टिकसर्च २०१०मध्ये आलं, साउंडक्लाउड या कंपनीत २०१२ला सुरू झालेलं प्रोमिथियस सर्व्हरच्या आकड्यांसाठी (मेमरी किती, रिक्वेस्ट किती) आहे, आणि २०१८च्या अखेरीस आलेलं, लॉग साठवणारं लोकी पूर्ण मजकुराचा इंडेक्स न करता फक्त लेबलांचा (सर्व्हरचं नाव वगैरे खुणांचा) करतं, म्हणून साठवायला हलकं पडतं. वरून तुम्हाला महागडे स्पर्धक आणि खालून फुकट स्पर्धक. मधल्या जागेत केवळ किमतीवर उभं राहणं मला तरी अवघड दिसतं. मोठ्यांनी दर खाली आणले तर तुमच्याकडे सांगायला दुसरं काय उरतं?

दर किती यापेक्षा दर कसा, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जीबीवर पैसे घेतलेत तर वरच्या हिशेबातल्या गिऱ्हाइकाला त्याच्या सगळ्यात वाईट महिन्यात सगळ्यात मोठं बिल जाईल. डेटाबेस पडला, धंदा बुडाला, वरून तुमचं बिल: दुष्काळात तेरावा महिना. त्यानंतर पहिलं काम म्हणून त्यांचा मॅनेजर लॉग कमी करायला सांगतो, म्हणजे पुढच्या अपघाताला पुरावा आणखी कमी. तुमची कमाई त्याच्या जास्त लॉगमध्ये आणि त्याचं हित नेमक्या लॉगमध्ये, ही ओढाताण या धंद्यात जुनी आहे. इथे लहान असण्याचा फायदा घ्या. ठरलेली मासिक रक्कम, त्यात ठरलेली मर्यादा, आणि अपघाताच्या तासातला पूर तुम्ही सोसणार, असं लिहून द्या. पूर सोसायचा म्हणजे प्रत्येक ओळ ठेवायची असंही नाही. एकच स्टॅक ट्रेस चार लाख वेळा आला तर पहिले शंभर पूर्ण ठेवा आणि बाकीच्यांचा आकडा. चार लाख एकावा वाचून कुणाचं ज्ञान वाढत नाही.

एक गोष्ट तुमच्या बाजूची. ओपनट्रेसिंग आणि ओपनसेन्सस हे दोन खुले प्रकल्प एकत्र येऊन २०१९मध्ये ओपनटेलिमेट्री झालं, आणि माहिती गोळा करण्याची एक समान पद्धत मिळाली. स्वतःचा वेगळा फॉरमॅट काढू नका, तीच वापरा. त्यामुळे गिऱ्हाइकाला तुमच्याकडे येणं सोपं होतं. सोडून जाणंही तितकंच सोपं होतं, पण त्याला इलाज नाही.

सुरक्षिततेवर तुम्ही ‘एचटीटीपीएस आहे’ (म्हणजे मजकूर वाटेत कुलूपबंद असतो) एवढंच लिहिलंय. लॉगमध्ये काय काय सापडतं याची तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कल्पना असेल. मे २०१८मध्ये ट्विटरने जाहीर केलं की पासवर्ड झाकले जाण्याआधीच एका अंतर्गत लॉगमध्ये उतरत होते, आणि ३३ कोटींहून अधिक वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला. तो लॉग त्यांच्याच घरातला होता. तुमच्याकडे दुसऱ्यांच्या घरातले लॉग येणार आहेत. कार्ड नंबर, टोकन, पासवर्ड हे एजंटमध्येच, गिऱ्हाइकाच्या मशीनवरच झाकले गेले पाहिजेत. तुमच्या सर्व्हरवर आल्यावर झाकलं तर आलं ते आलंच. शिवाय लॉगमधला मजकूर निरुपद्रवी असतो हा समज डिसेंबर २०२१मध्ये लॉगफोरशेल या त्रुटीने मोडला: लॉग लिहिणारी लॉगफोरजे ही लायब्ररी (तयार कोड) नोंदवायला दिलेल्या ओळीतली सूचनाच पाळून परक्या सर्व्हरवरून कोड आणून चालवत होती. आज संध्याकाळी एक करा. तुमच्याच टूलला स्क्रिप्टचा टॅग (ब्राउझरला ‘हा कोड चालव’ सांगणारी खूण) असलेली एक ओळ पाठवा आणि ब्राउझरमध्ये ती दिसते की चालते ते बघा. चालली तर हे पत्र तिथेच ठेवा आणि आधी ते दुरुस्त करा.

आता नोकरीचं. तुमच्या पत्रातली एक ओळ तुम्ही सहज लिहून पुढे गेलात. मी मात्र तिथे अडकलो. ‘मूळ टूल ऑफिसच्या टीमसाठी लिहिलं होतं.’ मग ते तुमचं आहे का? बऱ्याच नोकरीच्या करारांत कामासाठी, कामाच्या वेळेत किंवा कंपनीच्या लॅपटॉपवर लिहिलेलं सगळं कंपनीचं असतं. काही करार तर त्याहून लांब हात पसरतात. रात्री जागून केलेला भाग वेगळा धरला जाईलच असं नाही, विशेषतः पाया ऑफिसातला असेल तर. करार काढा, वकिलाला दाखवा. गरज पडली तर कंपनीकडून लेखी सोडपत्र घ्या, नाहीतर कोरी पाटी घेऊन सगळं पुन्हा लिहा. दुसऱ्या खेपेला ते निम्म्या वेळात आणि जास्त चांगलं होतं, हा माझा अनुभव आहे. हे मिटेपर्यंत राजीनामा नाही, पैसे घेणं नाही आणि ओपन सोर्सही नाही. जे आपलं आहे की नाही तेच ठरलेलं नाही, ते जगाला वाटून कसं टाकणार?

ते मिटलं की एजंटचा कोड खुशाल खुला करा. लोकांच्या मशीनवर बसणारी वस्तू त्यांना उघडून बघता आली तर बरंच. मागच्या सर्व्हरच्या कोडची घाई नको. इलॅस्टिकसर्चची कंपनी इलॅस्टिक, तिने २०२१मध्ये लायसन्स आवळलं, अ‍ॅमेझॉनने आधीच्या खुल्या कोडमधून ओपनसर्च वेगळं काढलं, आणि २०२४मध्ये इलॅस्टिकने पुन्हा एक खुलं लायसन्स जोडलं. असल्या कोलांट्या मोठ्या कंपन्यांना पचतात.

चौदा महिने ऐकायला पुष्कळ वाटतात. आठवड्याचे तास १६८. दोघांत वाटले तर प्रत्येकाला ८४ तासांचं ऑन-कॉल, आजारपण आणि घरची कार्यं सोडून. गिऱ्हाइकाला ९९.९ टक्के वेळ सुरू राहण्याचा शब्द दिलात तर तीस दिवसांच्या महिन्यात तुम्हाला ४३ मिनिटंच बंद राहता येतं. दोघांपैकी एक प्रवासात असताना एक चुकीचा डिप्लॉय झाला की ती संपलीच. सहकाऱ्याला विचारा, त्याने हा हिशेब केलाय का? त्याचा उत्साह खरा आहे याबद्दल मला शंका नाही. कुणाचा वाटा किती आणि एक जण मधेच सोडून गेला तर काय, हेही आत्ताच लिहून ठेवा, गोडी आहे तोवर.

म्हणून माझं मत: चार महिने नोकरी सोडू नका. या चार महिन्यांत त्या चाळीस जणांना एकेक करून फोन करा. ‘आवडलं का?’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतील. विचारा, मागच्या वेळी तुमची साइट पडली तेव्हा आधी काय उघडलंत? आमचं टूल लावल्यावर काय काढून टाकलंत? उत्तर ‘काहीच नाही’ असेल तर तुम्ही त्यांच्याकडे पाहुण्या आहात. मग पाच जणांकडे पैसे मागा, थोडेच, पण खरे. इथे एक सावधगिरी: सर्व्हर पडण्यासारखे अपघात निस्तरायला वेगळी टीम असलेल्या कंपन्यांच्या मागे लागू नका. त्यांच्याकडे आधीच सगळं आहे, आणि त्यांची खरेदीची प्रक्रिया तुमच्या शिल्लक पैशांपेक्षा लांब चालू शकते. तीन-चार डेव्हलपरच तंबू सांभाळतात अशा टीम गाठा. त्यांना डॅशबोर्ड नको असतो, ‘झोपा, काही झालं तर उठवतो’ असं कुणीतरी म्हणायला हवं असतं.

आणि त्याच चार महिन्यांत एक दिवस ठरवून स्वतःचंच नुकसान करा. एका गिऱ्हाइकाच्या नावाने खोटे लॉग एकशेवीसपट सोडा, अर्धा तास. मधेच तुमचा मुख्य डेटाबेस बंद करा. बाकी एकोणचाळीस जणांचं शोधणं किती मंदावतं, अलर्ट किती उशिरा जातो, ओळी किती हरवतात, हे कागदावर लिहा. पहिल्या खेपेला निकाल वाईट येईल, येऊ द्या. तिसऱ्या खेपेला बरा आला आणि पाचपैकी तिघांनी पैसे दिले, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा माझं उत्तर बहुधा वेगळं असेल.

मोबाइल अ‍ॅपचं राहिलं. आधी नको. अलर्टने थेट फोन वाजवावा, ‘उठलो, बघतो’ असं एक बटण दाबून सांगता यावं, आणि दहा मिनिटांत कुणी दाबलं नाही तर पुढच्याचा फोन वाजावा. एवढं पुष्कळ झालं. रात्री अडीचला फोनच्या पडद्यावर कुणी आलेख बघत नाही. मी तरी कधी बघितला नाही. तोवर माझा चष्माच सापडलेला नसायचा.